व्यसनाविषयी मुलांशी बोलायचं कसं? शाळांसमोरचे चार मार्ग, शेजारी शेजारी ठेवून

कोल्हापुरातल्या शाळांसाठी २६ जून हा दुहेरी दिवस. राजर्षी शाहू महाराजांची जयंती आणि आंतरराष्ट्रीय अमली पदार्थविरोधी दिन एकाच तारखेला येतात. शाळा उघडून जेमतेम दहा-बारा दिवस झालेले असतात. ३१ मेचा तंबाखूविरोधी दिन सुट्टीतच निघून गेलेला असतो. मग वर्षाचं सगळं व्यसनमुक्तीचं काम या एका सकाळवर येऊन पडतं: प्रतिमापूजन, प्रभातफेरी, पाहुण्यांचं व्याख्यान, सामूहिक शपथ, फोटो.

त्याआधी एक बैठक होते. मुख्याध्यापक, पालक-शिक्षक संघाचे सदस्य, कधी पेठेतल्या तालीम मंडळाचे कार्यकर्ते बसतात आणि कोणीतरी विचारतं, "यंदा काय करायचं?" हा लेख त्या बैठकीसाठी आहे. मी माध्यमिक शाळेत विज्ञान शिकवते. आठवी ते दहावीच्या मुलांशी व्यसनाबद्दल बोलण्याचे जे चार मार्ग आपल्याकडे वापरले जातात, ते मी जवळून पाहिले आहेत. माझं मत आधीच सांगते. मेंदूविज्ञान हा या कामाचा पाया असावा, पण नुसता पाया घालून थांबलात तर त्यावर कोणी राहायला येणार नाही. त्याला नकाराच्या सरावाची जोड हवीच. अनुभवकथन मुलांऐवजी पालकांसाठी ठेवा. भीती घालणारं व्याख्यान मात्र बंद करा.

चारही मार्ग तपासताना मी एकच कसोटी लावते. कोणत्याही वर्गात तीन प्रकारची मुलं बसलेली असतात. काहींनी कशालाच हात लावलेला नसतो, आणि हीच मुलं सर्वांत जास्त असतात. काहींनी मावा, सिगरेट किंवा बिअरची चव घेतलेली असते. आणि काहींच्या घरात रोज रात्री दारू येते. आपण समोर उभं राहून जे बोलतो ते या तिघांच्या कानांवर एकाच वेळी पडतं. एकाचं भलं करताना दुसऱ्याला इजा होत असेल, तर तो मार्ग आपल्या कामाचा नाही.

आपल्या मुलांसमोर नेमकं काय आहे

कार्यक्रम निवडण्याआधी हे बघायला हवं, कारण पुष्कळ तयार पोस्टर-प्रदर्शनं हेरॉइन आणि कोकेनच्या चित्रांनी भरलेली असतात. आपल्या भागातलं मूल ज्याला सामोरं जातं ते वेगळं आहे. निपाणीचा तंबाखूपट्टा हाकेच्या अंतरावर. घरात आजीची मिश्री, आजोबांच्या तळहातावरचा चुना. राज्यात गुटख्यावर २०१२ पासून बंदी आहे, तरी पुडी मिळते, आणि मावा तर टपरीवर समोर घोटून मिळतो. ई-सिगरेटवर देशभर २०१९ मध्ये बंदी आली, पण व्हेप काय असतं हे आठवीतल्या मुलांना विचारून बघा. व्हाइटनर आणि पंक्चरचं सोल्युशन हुंगणारी मुलं आहेत. देशात २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या एम्सच्या मोठ्या पाहणीत हुंगण्याचे पदार्थ हा एकच प्रकार असा निघाला, ज्यात मुलांचं प्रमाण मोठ्यांपेक्षा जास्त होतं. शिवाय शरीर कमावण्याच्या आणि भरतीच्या नादात मेफेन्टरमाइनसारखी इंजेक्शनं घेतली जातात. ऑपरेशनच्या वेळी घसरलेला रक्तदाब वर आणायला डॉक्टर वापरतात ते हे औषध. व्यायामशाळेच्या मागच्या बाजूला ते 'ताकदीचं' म्हणून विकलं जातं.

आणि हेही लक्षात ठेवा: २०१९ च्या जागतिक युवक तंबाखू सर्वेक्षणात भारतातल्या १३ ते १५ वयाच्या विद्यार्थ्यांपैकी ८.५ टक्के मुलं तंबाखू वापरणारी आढळली. म्हणजे शंभरातली ९१ मुलं वापरत नव्हती. हा आकडा पुढे कामाला येणार आहे.

पहिला मार्ग: भीती

सडलेला जबडा, काळं फुप्फुस, तोंडाच्या कर्करोगाचे फोटो, "एकदा घ्याल तर आयुष्य संपलं" असं ठासून सांगणारे पाहुणे, शेवटी हात पुढे करून शपथ. आयोजकांना हा कार्यक्रम आवडतो. एका तासात होतो, सभागृह शांत बसतं, काही मुली डोळे झाकून घेतात, आणि आपल्याला वाटतं की परिणाम झाला.

याच्या विरोधातला पुरावा भरपूर आणि जुना आहे. अमेरिकेत १९८३ मध्ये लॉस एंजेलिसच्या पोलिसांनी 'डेअर' नावाचा कार्यक्रम सुरू केला. गणवेशातले पोलीस शाळेत येऊन ड्रग्जचे धोके सांगत. तो बहुतेक अमेरिकी जिल्ह्यांत पसरला. नंतरच्या अनेक मूल्यमापनांत असं दिसलं की, तो शिकलेल्या आणि न शिकलेल्या मुलांच्या वागण्यात फरक जवळजवळ नव्हता. त्यांनाही पुढे अभ्यासक्रम मुळापासून बदलावा लागला. त्याआधी, सत्तरच्या दशकात, वाट चुकू पाहणाऱ्या मुलांना तुरुंगात नेऊन कैद्यांकडून घाबरवून सोडण्याचे प्रयोग झाले होते. त्यांचा एकत्रित आढावा घेतला तेव्हा त्या मुलांनी पुढे इतरांपेक्षा जास्त गुन्हे केल्याचं आढळलं. संयुक्त राष्ट्रांच्या अमली पदार्थ व गुन्हेविषयक कार्यालयाने २०१३ मध्ये प्रतिबंधाचे आंतरराष्ट्रीय निकष काढले आणि २०१८ मध्ये ते सुधारले. निष्प्रभ ठरणाऱ्या गोष्टींत त्यांनी एकतर्फी व्याख्यान, भीती घालणं आणि पोलिसांकडून शिकवणं स्पष्टपणे नोंदवलं आहे.

असं का होतं, हे वर्गात बसलं की कळतं. ज्या मुलाने महिनाभरापूर्वी मावा खाल्ला आहे, तो स्वतःकडे बघतो. त्याला काही झालेलं नाही. वक्ता म्हणाला होता की एकदा घेतलं की संपलं. म्हणजे वक्ता खोटं बोलला. त्यानंतर तो खरं जे बोलला, त्यावरचाही विश्वास उडतो. कर्करोग तीस वर्षांनी होणार, आणि चौदा वर्षांच्या मुलाला तीस वर्षं दिसत नाहीत.

पण मला सगळ्यात जास्त खुपतं ते तिसऱ्या मुलाबद्दल. प्रदर्शनात गटारात पडलेल्या दारुड्याचं चित्र असतं. सगळा वर्ग हसतो. त्या वर्गात एका मुलीला ते चित्र म्हणजे तिचे वडील वाटत असतात. ती त्या दिवशी शिकते की घरातलं कोणालाही सांगायचं नाही. मदत मागण्याची जी एक वाट शाळेत असायला हवी, ती आपणच बंद करतो. एवढ्या एका कारणासाठीही हा मार्ग सोडायला हवा असं मला मनापासून वाटतं.

दुसरा मार्ग: अनुभवकथन

व्यसनातून बाहेर आलेला माणूस स्वतःची कहाणी सांगतो. यात सच्चेपणा असतो, आणि महाराष्ट्रात या कामाला मोठी परंपरा आहे. डॉ. अनिता आणि अनिल अवचट यांनी १९८६ मध्ये पुण्यात सुरू केलेल्या मुक्तांगणसारख्या संस्थेत बरे झालेले मित्रच नव्या रुग्णांचा आधार होतात. उपचारात याला पर्याय नाही.

शाळेत मात्र संयुक्त राष्ट्रांचे निकष हेही टाळायला सांगतात. कहाणीची मांडणी बघा: मजा, मग पडझड, मग सुटका, आणि शेवटी मंचावर सत्कार. चौदाव्या वर्षीच्या कानाला पहिला आणि शेवटचा भाग जास्त ऐकू येतो. "ते सुटले की, मग मीही सुटेन."

हाच माणूस पालकसभेत बोलला तर ती सभा वर्षभर आठवणीत राहते. आपल्या पाकिटातले पैसे कसे गेले, घरच्यांनी काय लपवलं, कोणत्या दिवशी कोणीतरी हात धरला, हे पालकांना ऐकायला हवं असतं. त्याला बोलवा, पण खुर्च्यांवर मोठी माणसं बसवा.

तिसरा मार्ग: मेंदूविज्ञान

इथे थोडं रेंगाळते, कारण बैठकीत याच मार्गाबद्दल सर्वांत कमी माहिती असते आणि "मुलांना कळेल का?" अशी शंका लगेच येते. कळतं. नववीच्या विज्ञानात चेतापेशी आणि मेंदूचे भाग आहेत. दहावीच्या विज्ञान भाग २ मध्ये 'सामाजिक आरोग्य' या पाठात व्यसनाधीनता आहे. दोन्ही पाठ पाठ्यपुस्तकात आधीच आहेत, फक्त त्यांच्यामध्ये एका वर्षाचं अंतर आहे आणि एकाचा दुसऱ्याशी संबंध कोणी जोडून देत नाही. तो जोडणं एवढंच काम आहे.

काय शिकवायचं? पहिला भाग त्यांच्या स्वतःच्या वाढीचा. वयात येताना मेंदूतले बक्षिसाला, उत्तेजनेला, मित्रांच्या नजरेला प्रतिसाद देणारे भाग झपाट्याने जागे होतात. थांबून विचार करणारा, परिणाम तोलणारा कपाळामागचा भाग मात्र सावकाश पक्व होतो, विशीच्या मध्यापर्यंत. आपल्याकडच्या भाषेत सांगायचं तर पोरं आखाड्यात उतरलीत आणि वस्ताद अजून वाटेत आहे. याला जोडून एक प्रयोग सांगावा. फिलाडेल्फियातल्या टेम्पल विद्यापीठात लॉरेन्स स्टाइनबर्ग आणि त्यांच्या सहकारी मार्गो गार्डनर यांनी २००५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात किशोरवयीन मुलांना आणि मोठ्यांना संगणकावर गाडी चालवायला दिली. मित्र शेजारी बघत असले की किशोरांनी कितीतरी जास्त धोके पत्करले. मोठ्यांमध्ये फारसा फरक पडला नाही.

हा प्रयोग सांगितल्यावर मी गप्प बसते. निष्कर्ष मुलंच काढतात: "म्हणजे मॅडम, एकटा असलो तर मी नाही म्हणीन, पण चौघांत म्हणता येणार नाही." कोणीही उपदेश न करता एक मूल स्वतःबद्दलचं इतकं मोठं सत्य बोलून जातं. नववीच्या मुलाला कोणी "तू वाईट संगतीत आहेस" म्हटलं की तो भांडतो. "या वयात सगळ्यांचाच मेंदू मित्रांसमोर असा वागतो" म्हटलं की तो ऐकतो. मेंदूविज्ञानाची खरी ताकद मला इथे दिसते. ते मुलाला आरोपीच्या पिंजऱ्यात उभं करत नाही.

इथे एक गोष्ट लगेच जोडून सांगावी. मेंदूची ही घडण म्हणजे दोष नाही. नवं शिकण्याची, शाहू स्टेडियमवर जीव तोडून खेळण्याची, अनोळखी गोष्टीत उडी घेण्याची ताकद याच घडणीतून येते. पण जो मेंदू इतक्या वेगाने शिकतो तो व्यसनही तितक्याच वेगाने शिकतो. जितक्या लहान वयात सुरुवात, तितकं व्यसन जडण्याचा धोका जास्त, याचं कारण हेच.

दुसरा भाग डोपामिनचा. इथे शिक्षकाने सावध राहायला हवं. "डोपामिन म्हणजे आनंदाचं रसायन" असं सगळीकडे लिहिलेलं असतं, पण ते अपुरं आहे. मेंदूशास्त्रज्ञ वोल्फ्राम शुल्ट्झ यांनी माकडांवर केलेले प्रयोग मुलांना फार आवडतात. माकडाला अनपेक्षितपणे रस मिळाला की डोपामिनच्या पेशी पेटतात. रसाआधी दरवेळी दिवा लावला, तर काही दिवसांनी त्या पेशी रसाला नव्हे, दिव्याला पेटू लागतात. दिवा लागून रस आलाच नाही, तर त्यांची हालचाल नेहमीपेक्षाही खाली जाते. म्हणजे हे रसायन मेंदूला शिकवत राहतं की काय महत्त्वाचं आहे आणि कशाच्या मागे धावायचं. मग मुलांना विचारावं: तुमचे दिवे कोणते? सुरुवात मोबाइलपासून करावी. नोटिफिकेशनचा आवाज, रील संपताना वर सरकणारं बोट. यात कोणाला लाज वाटत नाही आणि सगळे हात वर करतात. त्यानंतर ती आपणहून पुढे जातात: मॅच संपल्यावरची टपरी, ठरावीक मित्राच्या गाडीचा हॉर्न, मळलेल्या तंबाखूचा वास. तलफ कुठून येते हे आता त्यांना कळलेलं असतं.

तिसरा भाग पदार्थांचा, आणि तो आपल्या भागातल्या पदार्थांचाच. सिगरेटच्या धुरातलं निकोटिन काही सेकंदांत मेंदूत पोहोचतं. नियमित सेवनाने मेंदूत निकोटिनला धरणारी स्थानं वाढतात. ती रिकामी राहिली की चिडचिड, अस्वस्थता सुरू होते. पुढची पुडी खाल्ली की ती थांबते. "तंबाखूनं डोकं शांत होतं" असं मोठी माणसं सांगतात ते खोटं सांगत नसतात. डोकं शांत होतं, पण ते अशांत केलेलंही त्याच तंबाखूने असतं. हे वाक्य मुलं घरी जाऊन सांगतात. सोल्युशन आणि थिनरमधलं टोल्युइन चेतातंतूंवरचं आवरण खराब करतं, आणि हुंगण्याने हृदयाची लय बिघडून पहिल्याच वेळी मृत्यू होऊ शकतो. हे खरं आहे, म्हणून सांगायचं, आणि जेवढं खरं आहे तेवढंच सांगायचं. भीती आणि माहिती यातली रेघ इथेच आखायची.

चौथा भाग सुटकेचा. तो वगळून चालणार नाही. व्हिएतनाम युद्धात असंख्य अमेरिकी सैनिक हेरॉइनच्या आहारी गेले होते. ली रॉबिन्स या संशोधिकेने परतलेल्या सैनिकांचा मागोवा घेतला, तेव्हा व्यसनी झालेल्या शंभरातले सुमारे ५ जणच घरी आल्यावर पहिल्या वर्षभरात पुन्हा त्यात अडकलेले आढळले. परिसर बदलला, दिवे बदलले, माणसं बदलली. मेंदूसंशोधिका नोरा वोल्कोव यांनी २००१ मध्ये दाखवलं की, वर्षाहून अधिक काळ मेथॅम्फेटामाइन या अमली पदार्थापासून दूर राहिलेल्यांच्या मेंदूतली डोपामिनची बिघडलेली यंत्रणा बऱ्याच अंशी सावरते.

या तासानंतर एक मुलगा स्टाफरूमच्या दारात घुटमळत उभा राहिला. "मॅडम, मग दारू सोडल्यावर मेंदू परत नीट होतोय का?" कोणाचा मेंदू, हे मी विचारलं नाही. होतो, वेळ लागतो, डॉक्टरांची मदत लागते, असं सांगितलं. आणि एक गोष्ट मुद्दाम सांगितली, जी प्रत्येक शिक्षकाने सांगावी: रोज भरपूर पिणाऱ्या माणसाची दारू घरच्या घरी एकदम तोडायची नाही. त्यात फिट येऊ शकते, भ्रम होऊ शकतो, जीवही जाऊ शकतो. ते दवाखान्याच्या देखरेखीखालीच व्हायला हवं. भीतीच्या व्याख्यानानंतर हा मुलगा कधीच दारात आला नसता.

आता या मार्गाच्या मर्यादा. माहितीने वागणं बदलतंच असं नाही. मेंदूवरचं व्याख्यान हेही शेवटी व्याख्यानच, आणि नुसती माहिती देणं हेही संयुक्त राष्ट्रांच्या त्या निष्प्रभ यादीत आहे. मेंदूविज्ञान आणि कौशल्यांचा सराव एकत्र गुंफणारे प्रयत्न सुरू आहेत. सिडनी विद्यापीठातल्या संशोधकांचा 'द इलिसिट प्रोजेक्ट' हा १६ ते १९ वयाच्या मुलांसाठीचा कार्यक्रम मेंदूविज्ञानावरच उभा आहे, आणि त्यात माहितीसोबत निर्णय घेण्याची कौशल्यं शिकवतात.

दुसरी मर्यादा जास्त नाजूक आहे. "पंचविशीपर्यंत मेंदू तयार नाही" हे वाक्य मुलांच्या हाती निमित्त म्हणून पडू शकतं. "व्यसन हा मेंदूचा आजार आहे" हे वाक्य अर्धवट सांगितलं तर त्यातून निराशा येते. मानसिक विकारांच्या जैविक स्पष्टीकरणांवरचे अभ्यास २०१३ मध्ये एकत्र तपासले गेले. अशी स्पष्टीकरणं ऐकल्यावर लोक रुग्णाला दोष कमी देतात, पण तो बरा होईल ही त्यांची आशाही कमी होते. म्हणून चौथा भाग वेळेअभावी गाळायचा असेल, तर पहिले तीनही घेऊ नका. आणि 'ड्रग्जमुळे मेंदूला पडलेली भोकं' दाखवणारी रंगीत चित्रं वापरू नका. ती रक्तप्रवाह कमी असलेल्या जागांची चित्रं असतात, तिथे भोकं नसतात. हुशार मूल हे शोधून काढतं आणि मग तुमचं बाकीचंही ऐकत नाही.

एक पैलू मात्र मला फार आश्वासक वाटतो. अमेरिकेतल्या आठवीच्या मुलांवर झालेल्या, २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात पौष्टिक खाण्याचं महत्त्व सांगण्याऐवजी कंपन्या मुलांना कशा गुंतवतात हे सांगितलं गेलं. ती मुलं पुढे जंक फूड नाकारण्याकडे जास्त झुकली. तिथली २००० साली सुरू झालेली तंबाखूविरोधी 'ट्रुथ' मोहीमही याच धाग्यावर चालली. किशोरांना कोणाच्या हातातलं बाहुलं व्हायला आवडत नाही. मेंदू कसा शिकतो हे कळलं, की पुढचा प्रश्न आपोआप येतो: याचा फायदा कोण घेतं? वेलचीच्या नावाखाली पानमसाल्याचं नाव मिरवणाऱ्या सिनेनटांच्या जाहिराती मुलांसमोर ठेवा. शाळेपासून १०० यार्डांच्या आत तंबाखू विकायला २००३ च्या कायद्याने बंदी आहे. आपल्या फाटकापासून टपरी किती लांब आहे, ते मुलांना टेप घेऊन मोजू द्या. त्या दिवशी वर्गात वेगळाच जोर असतो.

चौथा मार्ग: नकाराचा सराव

गिल्बर्ट बोटविन यांनी अमेरिकेत विकसित केलेला जीवनकौशल्य प्रशिक्षणाचा कार्यक्रम या मार्गाचं सर्वांत तपासलेलं उदाहरण. तीन वर्षांत ३० तास: पहिल्या वर्षी १५, मग १०, मग ५. त्याचे परिणाम सहा वर्षांनंतरही टिकल्याचं १९९५ मध्ये दिसलं. पुराव्याच्या दृष्टीने चौघांत हाच मार्ग वरचढ आहे.

मग मी यालाच पाया का म्हणत नाही? कारण मुलांना 'का' कळल्याशिवाय हा सराव नाटकासारखा होतो. भाषांतरित पुस्तिकेतले संवाद वाचायला लावले, तर मुलं ते स्नेहसंमेलनातल्या नाटुकल्यासारखे म्हणतात आणि विसरतात. "नाही, धन्यवाद, मला माझ्या आरोग्याची काळजी आहे" असं गंगावेशीच्या चौकात कोण कोणाला म्हणतं?

संवाद त्यांच्या तोंडचे हवेत, आणि ते मुलांकडूनच लिहून घ्यावेत. "घे की रं, एका पुडीनं काय मरतोयस?" "भित्रा हाईस व्हय?" "सगळी घेत्यात, तूच लई शाना." याला उत्तर काय? माझ्या वर्गातली मुलं हळूहळू एका गोष्टीवर येतात की भाषण द्यायचं नाही. "नको, उद्या मॅच हाय." "नको म्हटलं न्हवं." "चल, उशीर झालाय, आई बोंबलंल." उत्तर जितकं छोटं तितकं टिकतं, आणि पाय हलला पाहिजे. उत्तर देऊन तिथेच उभं राहणाऱ्याला पुन्हा विचारलं जातं. "सगळी घेत्यात" याला त्या ९१ टक्क्यांचा आकडा उत्तर देतो. आधी मुलांना अंदाज करायला सांगा. शंभरातली चाळीस-पन्नास घेत असतील असं सहज म्हणतात, आणि खरा आकडा ऐकून वर्गात कुजबुज सुरू होते.

मेंदूविज्ञानाचा इथे थेट उपयोग होतो. मित्रांसमोर विचार करणारा भाग मागे पडतो हे माहीत असलेलं मूल समजून घेतं की उत्तर आधीच पाठ असायला हवं, कारण त्या क्षणी ते सुचणार नाही. त्याच्यासाठी सराव हा मग शहाण्या माणसाची तयारी होतो.

मग निवडायचं काय

वर्षाला एकच तास मिळत असेल, तर चित्रप्रदर्शन आणि शपथ बाजूला ठेवा. अर्धा तास मित्रांसमोरच्या मेंदूचा प्रयोग, अर्धा तास छोटे नकार. एकेका तुकडीसोबत घ्या, सभागृहात सगळी शाळा बसवून नको. एका तासाने फार काही होईल असं मी म्हणणार नाही, पण निदान इजा होणार नाही.

सहा-आठ तास मिळत असतील, तर आठवड्याला एक असे घ्या, चार मेंदूचे आणि बाकीचे सरावाचे, आणि पुढच्या वर्षी दोन-तीन तास उजळणीचे. ही उजळणीच बहुतेक ठिकाणी गळते. बाहेरचा वक्ता लागत नाही. विज्ञानाच्या शिक्षकाने पहिला भाग घ्यावा, आणि दुसरा ज्याच्याशी मुलं मोकळेपणी बोलतात त्याने, मग ते खेळाचे सर असोत की चित्रकलेच्या बाई. केंद्राच्या सामाजिक न्याय मंत्रालयाचं 'नवचेतना' हे शिक्षकांसाठीचं साहित्य जीवनकौशल्यांसाठी आधाराला घेता येतं.

तालीम मंडळाला हे करायचं असेल तर त्यांची एक बाजू शाळेपेक्षा भक्कम आहे. वस्ताद आणि कोच यांचं मुलं ऐकतात. तिथे सुरुवात इंजेक्शनपासून करावी. मेफेन्टरमाइनने ताकद वाढत नाही. थकवा कळेनासा होतो, हृदय आणि रक्तदाब ताणला जातो, सवय लागते, आणि काहींना भास होऊ लागतात. हे कोचच्या तोंडून सरावानंतर मैदानातच सांगितलं गेलं, तर पोस्टरची गरज नाही.

पालकांच्या वाट्याचं काम वेगळं आहे. मुलाला पुडी आणायला पाठवू नका. अठराच्या आतल्याला तंबाखू विकणं गुन्हा आहे. मुलाला नशेचा पदार्थ किंवा तंबाखू देणाऱ्याला बालन्याय कायदा २०१५ च्या कलम ७७ नुसार सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाखापर्यंत दंड होऊ शकतो. हे कलम पालकसभेत वाचून दाखवावं.

आणि वर्गातलं एखादं मूल आधीच अडकलेलं असेल तर? चारही मार्ग इथे कमी पडतात, कारण ते प्रतिबंधाचे आहेत. त्या मुलाला शाळेतून काढू नका. शाळा सुटली की त्याच्याभोवतीची चांगली माणसं सुटतात. त्याला वर्गासमोर उभं करू नका, तपासणीच्या नावाखाली सगळ्यांची दप्तरं उपसू नका. व्यसनमुक्तीसाठी राष्ट्रीय हेल्पलाइन १४४४६ आहे, मानसिक आरोग्यासाठी टेलिमानस १४४१६, तंबाखू सोडण्यासाठी १८००-११-२३५६. सरकारी रुग्णालयांतली किशोरवयीन मुलांची मैत्री क्लिनिक आणि कोल्हापूरच्या सीपीआर रुग्णालयाचा मानसोपचार विभाग हे जवळचे पर्याय. हे आकडे आणि पत्ते सूचनाफलकाच्या मध्यभागी नकोत, जिथे उभं राहिलं की चारजण बघतात. स्वच्छतागृहाच्या दाराच्या आतल्या बाजूला लावा. आणि पालकांना बोलवायची वेळ आली, तर आधी त्या मुलाला सांगा की बोलावणार आहोत, आणि त्यांना काय सांगणार आहोत तेही.